हुद्दा लिहून घेतला म्हणजे धूळ मोजली असं होत नाही

प्रबंधाचे विषय ठरायचे दिवस आले की माझ्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. विचारणारे असतात जनआरोग्य विषयात एम.डी. करणारे डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी, परिचारिका आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते. "खडी क्रशरवरच्या ऐंशी जणांची फुप्फुसं तपासली, नोकरीची वर्षंही लिहून घेतली. आता त्यांना धूळ किती लागली, हे कसं दाखवू?" "शेडच्या मधोमध यंत्र ठेवून दिवसभर हवा ओढली, तेवढं पुरेल ना?" "मालक आत पाऊल टाकू देत नाहीत, विषय बदलू का?"

सगळ्यांचा गोंधळ एकाच जागी होतो. आजार तपासायला आपण खूप कष्ट घेतो: एक्स-रे काढतो, फुंकर चाचणी घेतो, रक्त तपासतो. आजार ज्यातून आला, त्या संपर्काची नोंद मात्र 'हुद्दा: मदतनीस, अनुभव: ९ वर्षे' अशा एका ओळीत उरकतो. मग आजाराचा कामाशी संबंध दिसत नाही आणि निष्कर्षात 'संबंध आढळला नाही' असं छापलं जातं. त्या वाक्याचा फटका कामगाराला बसतो. म्हणून संपर्क कसा मोजायचा, ते क्रमाने सांगते. उदाहरण मुख्यतः खडी क्रशरचंच घेते, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दल येतात.

१. आधी ठरवा: कशाचा संपर्क, कोणत्या आजारासाठी?

'धुळीचा परिणाम' हा विषय अभ्यासाला फार मोघम आहे. पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा.

- धुळीत काय आहे? सिलिकोसिस होतो तो स्फटिकी सिलिकामुळे, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झमुळे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झ सहसा फार कमी असतं. पूर्व विदर्भातले ग्रॅनाइटसारखे खडक किंवा सिंधुदुर्गातली सिलिका वाळू यांची गोष्ट निराळी. दोन क्रशरवर डोळ्यांना सारखीच धूळ दिसेल, पण धोका कित्येक पटींनी वेगळा असू शकतो. बेसाल्टच्या पोकळ्यांतही क्वार्ट्झ साठलेलं सापडतं, तेव्हा अंदाजावर जाऊ नका. धुळीचा नमुना प्रयोगशाळेत द्या.
- आजार कधी होतो? सिलिकोसिस वर्षानुवर्षांच्या साठ्यातून होतो, म्हणून तिथे एकूण साठा मोजावा लागतो. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचा मात्र काही मिनिटांचा झोत जीव घेतो. तिथे आठ तासांची सरासरी काढून काहीच कळत नाही.
- शरीरात कुठून जातं? श्वासातून, कातडीतून की तोंडावाटे? फवारणी करणाऱ्या मजुराच्या नाकापाशी यंत्र लावलं आणि पाठीवरच्या पंपातून गळणाऱ्या औषधाने भिजलेला सदरा सोडून दिला, तर खरा संपर्क हातातून निसटतो.

२. पहिले दोन दिवस काहीही मोजू नका

यंत्र भाड्याने आणलं की ते लगेच लावायची घाई होते. ती टाळा. दोन दिवस वही घेऊन फक्त पाहत राहा.

एका क्रशरवर हजेरीपत्रकात सहा 'मदतनीस' होते. त्यांतला एक चहा-पाणी आणि डिझेल पाहायचा. दोघं डंपरमागे थांबून चालकाला दिशा दाखवायचे. एक बाई जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद झाला की त्याच्याखाली वाकून शिरायची आणि साचलेला भुकटा कोरड्या खराट्याने ओढून काढायची. रोज तासभर. बाहेर यायची तेव्हा भुवया, पापण्या, पदर सगळं राखाडी झालेलं असायचं. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "ती झाडते, बाकी काही नाही." कागदावर सहाही जणांचा हुद्दा एक, पगार एक आणि अनुभवही जवळपास सारखा.

पाहताना या नोंदी करा:

- जबडा, हॉपर, चाळणी, पट्टा, डंपर भरण्याची जागा आणि बसण्या-जेवण्याची जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा
- कोण, कुठे, किती वेळ, याची दर पंधरा मिनिटांनी नोंद
- पाणी कधी मारलं जातं आणि कधी बंद होतं, पाण्याचा टँकर आला नाही तर काय होतं
- वाऱ्याची दिशा
- तोंडावर काय बांधलं आहे: रुमाल, ओढणी की मास्क, आणि प्रत्यक्षात किती वेळ

रुमालाला संरक्षण समजू नका. फुप्फुसात खोलवर जाणारे कण इतके बारीक असतात की साध्या कापडातून सहज निघून जातात. उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते ती बहुतेक जाड धूळ. नुकसान करणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही.

३. हुद्द्याऐवजी कामावरून गट पाडा

समान काम, समान जागा आणि समान वेळ असलेल्यांचा एक गट करा. वरच्या क्रशरवर हॉपरवाले, चाळणी-पट्टा पाहणारे, झाडणारे, वाहनचालक आणि कार्यालयातले, असे पाच गट झाले असते. कार्यालयातला गट वगळू नका. कमी संपर्काचा गट नसेल तर तुलना कोणाशी करणार?

४. तुमच्यापुढचे चार मार्ग

- प्रश्नावली: स्वस्त आहे आणि जुनी माहिती मुख्यतः हिच्यातूनच मिळते. धोका आठवणीचा. आजारी माणूस जुनी धूळ जास्त आठवतो, धडधाकट माणूस विसरतो.
- काम-संपर्क तक्ता: एका बाजूला कामं, दुसऱ्या बाजूला काळ आणि प्रत्येक चौकटीत संपर्काचा अंदाज. कामगार शेकड्यांनी असतील आणि प्रत्येकाला यंत्र लावणं शक्य नसेल, तेव्हा हा उपयोगी. एका गटातल्या माणसामाणसांतला फरक मात्र त्यात झाकला जातो.
- अंगावर यंत्र लावून मोजणी: धूळ आणि आवाज यांच्यासाठी सर्वांत भरवशाची. खर्च आणि वेळ लागतो, आणि फक्त आजचा संपर्क कळतो.
- रक्त-लघवीची तपासणी: शिशासाठी रक्तातलं शिसं, तर ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतल्या कीटकनाशकांसाठी कोलिनेस्टरेज. सिलिकासाठी अशी रोजच्या वापराची रक्ततपासणी नाही, त्यामुळे तिथे त्यावर पैसे घालवू नका.

बहुतेक प्रबंधांना पेलेल अशी जोडणी सांगते: सगळ्यांची प्रश्नावली, प्रत्येक गटातल्या काहींच्या अंगावर मोजणी आणि दोन्ही जोडून केलेला तक्ता.

५. धूळ मोजताना

कमरेला लहान पंप आणि गळपट्टीला सायक्लोन व फिल्टर अशी ही जुळणी असते. सायक्लोन जाड कण खाली पाडतो आणि खोल जाणारे बारीक कणच फिल्टरवर पोहोचू देतो.

- फिल्टरची जागा नाकातोंडापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत हवी. शेडच्या मधोमध ठेवलेलं यंत्र शेडची हवा मोजतं. पट्ट्याखाली वाकलेल्या बाईच्या श्वासाबद्दल ते काही सांगत नाही.
- पंपाचा वेग सायक्लोनच्या जातीवर ठरतो. नायलॉनच्या १० मिलिमीटर सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर लागतात. वेग सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा तपासा. दोहोंत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना बाद समजा.
- सायक्लोन कधीही उलटा होऊ देऊ नका. खालच्या टोपणात पडलेली जाड धूळ फिल्टरवर उडते आणि दिवसभराचं काम वाया जातं. जेवताना पंप काढून ठेवायचा असेल तर तो कसा ठेवायचा, हे कामगाराला प्रत्यक्ष दाखवा.
- बायकांचा पदर फिल्टरच्या तोंडावर येतो आणि मोजणी फसते. कामावरच्या बऱ्याच बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. यंत्र त्याच्या गळपट्टीला लावा आणि लावायला बाई सहकारीच असू द्या.
- दर खेपेला काही कोरे फिल्टर सोबत न्या आणि न वापरता परत आणा. प्रवासात वजन बदललं का, ते त्यावरून कळतं.
- प्रत्येक गटात किमान ६ पूर्ण पाळ्यांची मोजणी ठेवा. जमेल तिथे त्याच माणसाची दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.
- सगळी मोजणी एकाच ऋतूत करू नका. पावसाळ्यातली ओली खडी आणि एप्रिलमधली कोरडी खडी यांच्या धुळीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

६. हिशेब

मिनिटाला १.७ लिटर दराने ४८० मिनिटं म्हणजे ८१६ लिटर, अर्थात ०.८१६ घनमीटर हवा. फिल्टरचं वजन ०.५ मिलिग्रॅमने वाढलं असेल, तर हवेत घनमीटरला सुमारे ०.६१ मिलिग्रॅम धूळ होती.

आता आठ तासांची सरासरी पाहू. हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. एका बाईने ३ तास हॉपरजवळ (घनमीटरला १.२ मिलिग्रॅम), १ तास पट्ट्याखाली झाडताना (४.०) आणि ४ तास डंपरपाशी (०.४) काढले. तर ३.६ + ४.० + १.६ = ९.२. त्याला ८ ने भागलं की १.१५ मिलिग्रॅम. त्या एका तासाच्या झाडण्याचा वाटा ९.२ पैकी ४, म्हणजे ४३ टक्के. हजेरीपत्रकात जे काम लिहिलेलंच नाही, त्यातून दिवसभरातली निम्म्याच्या जवळपास धूळ आली.

पाळी १० तासांची असेल तरी भागायचं ८ नेच. १० ने भागलंत तर जादा कामाची धूळ हिशेबातून पुसली जाते.

मर्यादेशी तुलना करताना सावध राहा. कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत फुप्फुसात खोल जाणाऱ्या सिलिकायुक्त धुळीसाठी सूत्र आहे: १० ला (क्वार्ट्झची टक्केवारी + २) ने भागा. क्वार्ट्झ २ टक्के असेल तर मर्यादा २.५ मिलिग्रॅम येते, २० टक्के असेल तर ०.४५ आणि ५० टक्के असेल तर ०.१९. क्वार्ट्झची टक्केवारी माहीत नसेल तर हे सूत्र वापरताच येत नाही. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. तेव्हा मर्यादा कोणत्या नियमातली आणि कोणत्या सालची, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

शिवाय 'मर्यादेच्या आत, म्हणून सुरक्षित' असं लिहू नका. २० टक्के क्वार्ट्झ असलेल्या ०.४५ मिलिग्रॅम धुळीत निव्वळ क्वार्ट्झ ०.०९ मिलिग्रॅम असतं. अमेरिकेने २०१६ साली ठरवलेली मर्यादा ०.०५ आहे.

७. जुनी वर्षं कशी मोजायची?

आज मोजलेली धूळ वीस वर्षांपूर्वीची नसते. तेव्हा पाणी मारायची सोय होती का? दगड हाताने फुटत होता की यंत्राने? ही माहिती कामगारांकडेच असते, पण 'कोणत्या साली?' असं विचारून ती मिळत नाही. सगळ्यांना आठवणाऱ्या घटनांचा आधार घ्या: १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी (१९९३) कुठे होता, नोटाबंदीत (२०१६) कोणत्या क्रशरवर, लॉकडाऊनमध्ये (२०२०) गावी की इथे. बायकांना मुलांच्या जन्मावरून विचारा. बाळ पाळण्यात होतं तेव्हा कोणतं काम करत होतात, हे त्या नेमकं सांगतात.

मग प्रत्येक कामाची वर्षं आणि त्या कामाची धूळ यांचा गुणाकार करून बेरीज घ्या. ५ वर्षं ०.५ आणि १० वर्षं ०.१ असेल तर साठा २.५ + १.० = ३.५ मिलिग्रॅम-वर्षं. वर्षातले किती महिने काम चालतं, तेही विचारा. हंगामी मजुराचं वर्ष आठ महिन्यांचं असू शकतं.

८. आवाज आणि फवारणी: दोन छोट्या सूचना

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर अभ्यास करणारे विचारतात, "मोबाइलवरचं ॲप चालेल का?" कोणत्या मागाजवळ आवाज जास्त, एवढं चाचपायला चालेल. प्रबंधातला आकडा मात्र तपासून घेतलेल्या, खांद्यावर लावायच्या आवाजमापकाचाच हवा. आपल्याकडची मर्यादा ८ तासांसाठी ९० डेसिबल आणि ४ तासांसाठी ९५ डेसिबल आहे. १२ तासांच्या पाळीला हेच प्रमाण लावलं तर मर्यादा ८७ च्या आसपास येते. आठ तासांचा आकडा बारा तासांच्या कामगाराला लावू नका.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हा विषय घेणार असाल तर कोलिनेस्टरेजचा पहिला नमुना हंगामापूर्वी घ्या. माणसामाणसांत त्याची मूळ पातळी वेगळी असते. आधीचा आकडा नसेल तर नंतरचा आकडा फारसं काही सांगत नाही. आणि पंप कोण भरतो, औषध कोण कालवतो, कपडे कोण धुतं, हेही विचारा. कपडे धुणारी बाई शेतात गेलीच नसेल, तरी तिला संपर्क असतो.

९. हमखास होणाऱ्या चुका

- तपासणीच्या दिवसाची हवा मोजणं. तुम्ही येणार हे कळलं की त्या दिवशी भरपूर पाणी मारलं जातं. म्हणून एकाच दिवसावर विसंबू नका.
- आजार माहीत असताना संपर्क ठरवणं. एक्स-रे पाहिलेल्या माणसाने धुळीचे गट पाडू नयेत. ते काम दुसऱ्याला द्या.
- फक्त कामावर असलेल्यांना मोजणं. जे खोकत खोकत गावी परतले, ते तुमच्या यादीत नसतात. मग सर्वांत जास्त धुळीच्या जागी सर्वांत धडधाकट माणसं दिसतात आणि धूळ निरुपद्रवी वाटू लागते. गेल्या पाच वर्षांत काम सोडलेल्यांची नावं जोडीदारांना विचारून काढा.
- साधी सरासरी घेऊन थांबणं. धुळीचे आकडे बहुतेक दिवशी कमी आणि काही दिवशी फार जास्त असतात. गुणोत्तरी मध्य द्या आणि सोबत सर्वांत मोठा आकडाही द्या.
- शून्य लिहिणं. यंत्राला सापडलं नाही म्हणजे धूळ नव्हती असं नाही. 'मापनक्षमतेखाली' असं लिहा.

१०. कामगाराचे हक्क आणि तुमची जबाबदारी

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. मालकाची परवानगी म्हणजे कामगाराची संमती नाही. कामगाराला त्याच्या भाषेत, मुकादम जवळ नसताना, हे सांगा:

- नाही म्हणायचा आणि मधूनच थांबायचा हक्क आहे
- तपासणीमुळे मजुरी बुडाली तर ती भरून मिळेल
- त्याचा स्वतःचा निकाल त्यालाच मिळेल. मालकाला फक्त गटाचे आकडे दिसतील
- यंत्र त्याचं बोलणं टिपत नाही. ही शंका हमखास असते, तेव्हा पंप उघडून दाखवा

गटाचे आकडे देतानाही काळजी घ्या. झाडणारी बाई एकटीच असेल तर 'झाडणाऱ्यांचा गट' म्हणजे तिचं नाव छापल्यासारखंच आहे.

सिलिकोसिस, बिसिनोसिस (कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आणि आवाजामुळे येणारं बहिरेपण हे नव्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतले सूचनीय आजार आहेत. तुम्ही डॉक्टर असाल आणि रुग्ण सापडला, तर अधिकाऱ्यांना कळवणं ही कायदेशीर जबाबदारी आहे. हे संमतीपत्रातच लिहा, म्हणजे नंतर कामगाराला दगा झाल्यासारखं वाटणार नाही. कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क जुन्या कायद्यात होता आणि नव्या संहितेतही आहे. व्यावसायिक आजाराची भरपाईही कायद्यात आहे आणि तुमचा संपर्काचा कागद त्या दाव्यात पुरावा ठरू शकतो. म्हणून तारीख, वेळ, जागा आणि यंत्राचा क्रमांक यांतलं काहीही गाळू नका.

११. मालक आत येऊ देत नसतील तर?

अभ्यास सोडू नका. पाळी सुटल्यावर वस्तीवर जाऊन कामाचा इतिहास नीट घ्या. कामगारांना जमिनीवर क्रशरचा नकाशा काढायला सांगा आणि जास्त धुळीच्या जागी खडे ठेवायला सांगा. पाच-सहा जण एकत्र बसले की ते एकमेकांच्या चुका सुधारतात. सार्वजनिक रस्त्यावरून धुळीचा लोट, वेळ आणि पाणी मारणं यांची नोंद करता येते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात तपासणी अहवाल मागा. मोजणीच्या तांत्रिक सल्ल्यासाठी सायनची केंद्रीय श्रम संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था यांना विचारा. मालकाला भेटताना पहिल्याच वाक्यात दोष देऊ नका. कोणत्या जागी पाण्याचा फवारा लावला तर धूळ सर्वांत जास्त घटेल, हे मोजून सांगतो म्हणा. बरेच मालक या एका गोष्टीसाठी दार उघडतात.

शेवटी एक विनंती

प्रबंध जमा झाला की काम संपलं असं समजू नका. एक दिवस राखून ठेवा, क्रशरवर परत जा आणि आकडे मराठीत, हिंदीत, त्यांच्या बोलीत सांगा. वर लिहिलेल्या बाईच्या कामाचा हिशेब सांगितल्यावर तिथे फार मोठं काही झालं नाही. झाडण्याआधी भुकट्यावर पाणी शिंपडायला एक नळी आली आणि कोरडा खराटा बंद झाला. तुमच्या अभ्यासाच्या गावातही अशी एखादी नळी लागण्यासारखी असेल. ती कुठे लावायची, हे सांगणारा आकडा तुमच्या वहीत आहे. तो तिथल्या माणसांपर्यंत पोहोचवा.